पासंग

स्नेहलतागंजात, तसबिरी मढवणाऱ्याच्या दुकानावर
अरुंद जिना चढून गेलं की
'मांसपेशी परीक्षण' अशी हिंदी पाटी.
केयूर मुळ्ये. वय तीस असेल.
पुण्यात कसलासा आठ दिवसांचा कोर्स करून आलेला.
बोलायला लाघवी. चपला बाहेर.

नलूच्या डाव्या मुठीत त्यानं एक कुपी दिली,
उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा धरायला लावला,
म्हणाला, "काकू, रोखा,"
आणि वरून दोन बोटांनी दाबलं.
गहू. हात पडला.
दूध. पडला.
ज्वारी. राहिला.
शेव –
इंदूरच्या बाईच्या मुठीत शेवेची कुपी! –
धाडकन पडला.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर.
चौतीस वर्षं काढली वजनमापे खात्यात.
सियागंज, मल्हारगंज, सराफा,
किती दांड्या, किती पारडी,
आणि पारड्याच्या कडेला हलकेच टेकलेल्या
किती करंगळ्या पाहिल्या.
मला दिसलं :
ज्वारीच्या वेळी बोटं कोपराजवळ होती,
शेवेच्या वेळी मनगटापर्यंत सरकली.
दांडी तीच, जोर तोच, फक्त जागा बदलली.
शिवाय कुपीत काय आहे ते ज्याला आधीच ठाऊक
त्याच्या हाती काटा द्यायचा नसतो,
हा आमच्याकडे पहिल्या आठवड्यातला धडा.

बोललो नाही.
आठशे रुपये मोजले.
जिना उतरताना कठड्याला धरून नलू म्हणाली,
"किती वर्षांनी कुणी विचारलं हो,
तुम्हाला काय सोसत नाही म्हणून."

रात्री भांडी आवरून ती पदराला हात पुसत आली.
"धरा हात आडवा. मीही बघते."
हसलो. धरला.
"असं कसं, डाव्या हातात काहीतरी हवं ना."
इकडंतिकडं पाहिलं तिनं, वाकली,
आणि गच्चीच्या दाराला अडसर म्हणून लावलेलं
दोन किलोचं लोखंडी वजन
उचलून माझ्या हातात दिलं.
"हे कुठून आणलं होतंत?"

सत्त्याऐंशी सालीही तिनं हेच विचारलं होतं.
तेव्हा म्हणालो होतो, बाद झालेलं आहे.

त्याच्या बुडाशी शिसं आहे, शिशावर खात्याचा शिक्का,
आणि तो शिक्का माझ्या हातचा.
आत सत्तर ग्रॅम पोकळी.
"साब, चल जाएगा," गेंदालाल म्हणाला होता,
आणि त्या आठवड्यात धाकटीला विषमज्वर,
नर्सिंग होमचं बिल खिशात घडी करून ठेवलेलं.
चाललं.
सहा महिने सियागंजात त्यानं डाळ तोलली जात होती,
कुणाकुणाच्या घरी सत्तर सत्तर ग्रॅमनी कमी शिजत होती.
मग मीच एका संध्याकाळी जाऊन ते उचलून आणलं,
आणि तेव्हापासून ते आमचं दार धरून आहे.

उजवा हात खाली आला होता.

"अहो," नलू म्हणाली,
"मी अजून दाबलंच नाही."

तरीही नोंद करून ठेवतो :
ही पद्धत प्रमाणित नाही.
डाव्या हातात दोन किलो, वय एकाहत्तर,
उजवा कुणाचाही पडेल.
मी हिच्यावर शिक्का मारणार नाही.
(दोन किलो म्हणालो का? एक किलो नऊशे तीस.)

तिची बोटं मात्र माझ्या मनगटावर तशीच होती,
ना दाबत, ना उचलत.
तिनं पुढं काही विचारलं नाही.
मी जे सांगायला तोंड उघडलं
ते घशातच कुठंतरी अडकून बसलं.

वजन टेबलावरच राहिलं, पाण्याच्या तांब्याशेजारी.
गच्चीचं दार रात्रभर आपटत होतं.
आम्ही दोघंही जागेच होतो,
उठून ते लावावं
असं कुणालाच वाटलं नाही.